पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

जिंतूरहून मंठ्याकडे जाताना देवगाव फाटा लागतो आणि तिथून एक रस्ता सेलूकडे वळतो. तालुका सेलू, जिल्हा परभणी. फाट्यावरच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलामुलींना बारावीनंतर शिकायचं तर सेलू किंवा जिंतूर गाठावं लागतं, नाहीतर थेट परभणी. पासावर एसटीनं जाणं-येणं, घरी आल्यावर शेतातली किंवा चुलीपुढची कामं, आणि उरल्या वेळात अभ्यास. विद्यापीठाची परीक्षा वर्षातून दोनदा येते. हिवाळी परीक्षेच्या सुमाराला रानात कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला माणूस मिळत नसतं. उन्हाळी परीक्षेत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरात, भावकीत कुणाचं तरी लग्न निघालेलं असतं. परीक्षेआधीचे सलग, निवांत पंधरा दिवस इथं फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

म्हणून हाताशी असलेले तास कसे वापरायचे, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्यासाठी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त निकडीचा आहे. मानसशास्त्रानं गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाचं बरंच पक्कं उत्तर शोधलं आहे. ते कॉलेजात क्वचितच कुणी सांगतं. अभ्यासक्रम शिकवला जातो. अभ्यास कसा करायचा, ते ज्याचं त्यानं शोधावं असा रिवाज पडला आहे.

बहुतेक जण काय करतात? वाचतात. नोट्स वाचतात, गाईड वाचतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतात, हायलायटर फिरवतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतात. तिसऱ्या वाचनाला सगळं सोपं वाटायला लागतं. 'हे आपल्याला येतंय' अशी मनाची खात्री पटते. मग हॉलमध्ये प्रश्न समोर येतो. ते डाव्या पानावर होतं, वर आकृती होती, खाली निळी रेघ मारली होती, हे सगळं आठवतं आणि नेमकं उत्तर तेवढं आठवत नाही.

असा विद्यार्थी आळशी नसतो, मंदही नसतो. त्यानं एका कामाची तयारी केली आणि पेपरनं त्याच्याकडून दुसरंच काम मागितलं. समोर असलेली गोष्ट ओळखणं हे एक काम आहे आणि समोर नसलेली गोष्ट मनातून बाहेर काढणं हे वेगळं. पुस्तक उघडं ठेवून वाचताना फक्त पहिलं घडतं. विद्यापीठाची उत्तरपत्रिका मात्र कोरी असते आणि तिच्यावर उतरवायचं सगळं आतूनच यावं लागतं. हे आतून काढण्याचं काम आधी कधी केलेलंच नसेल तर परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करताना ते अडणारच.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्री पाणमांजरांवरचा. एका गटानं तोच उतारा चार सत्रं फक्त वाचला. दुसऱ्या गटानं एक सत्र वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. वाचणाऱ्यांचा उतारा सरासरी १४ वेळा नजरेखालून गेला होता, लिहिणाऱ्यांचा जेमतेम साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. दोन्ही गटांतल्या उरलेल्यांची चाचणी आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला पुढे चांगलं आठवेल अशी जास्त खात्री कुणाला होती? नुसतं वाचणाऱ्यांना.

मला या प्रयोगातला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाचताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं. आठवायला बसलं की अडखळायला होतं, डोकं खाजवावं लागतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटून जीव खट्टू होतो. म्हणून जो तो पुन्हा पुस्तक उघडतो. पण ती अडखळच कामाची असते. आठवण्यासाठी मनाला जितका जोर लावावा लागतो, तितकी ती गोष्ट पुढच्या वेळी लवकर हाती येते. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञानं तीस वर्षांपूर्वीपासून हेच मांडलं आहे की शिकताना काही अडचणी हव्याशा असतात. त्या काढून टाकल्या तर शिकणं सोपं होतं, पण टिकत नाही.

टिकण्याचा प्रश्न पहिल्यांदा आकड्यांत मोजला तो हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं. त्यानं प्रयोगासाठी दुसरं कुणी घेतलं नाही, स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक वेळ जाऊ द्यायचा आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. पहिल्यांदा लागलेल्या वेळापैकी वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के वेळ वाचत होता, तासाभरानं ४४ टक्के, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के आणि महिन्यानं २१ टक्के. सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांतच झालेली दिसते. नंतर ती मंदावते. अर्थ असलेला मजकूर इतक्या वेगानं विसरला जात नाही हे खरं. पण सोमवारी झालेला तास पुढच्या महिन्यात पहिल्यांदा उघडणाऱ्यानं या आकड्यांकडे नीट पाहावं. त्याच दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं आठवलेलं पुढे फार कामाला येतं.

संध्याकाळी आठवणं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन मुलांनी परवचा म्हणायचा, ही रीत मराठी घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होती. तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. तिथी, नक्षत्रं, महिन्यांची नावं, श्लोक. परवच्याला पुस्तक नसे. मूल अडलं की आजोबा किंवा आजी तेवढा एक आकडा पुरवत आणि मूल पुढं जाई. रोज तेच, पण रोज थोडं पुढचं. रोडिगर आणि कार्पिके यांनी जे प्रयोगशाळेत दाखवलं, त्याचा गाभा या रिवाजात हजर होता: पुस्तक मिटलेलं. शिवाय आवाज मोठा, ऐकणारं माणूस समोर, चूक लगेच दुरुस्त आणि मध्ये एका दिवसाचं अंतर.

यावर कुणी म्हणेल की ही तर घोकंपट्टी झाली आणि पदवीच्या अभ्यासाला ती काय कामाची? ही शंका रास्त आहे. घोकणारा मजकूर समोर ठेवून तेच वाक्य शंभरदा म्हणतो. आठवणारा मजकूर दूर ठेवतो आणि स्वतःच्या शब्दांत तो उभा करतो. हा फरक छोटा नाही. पर्ड्यू विद्यापीठात कार्पिके आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली हीच शंका तपासली. विज्ञानाचा एक उतारा घेऊन काही विद्यार्थ्यांनी पुस्तक उघडं ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, काहींनी पुस्तक मिटून आठवलं. आठवड्यानंतरच्या परीक्षेत केवळ माहितीचे नव्हे, तर दोन गोष्टी जोडून निष्कर्ष काढायला लावणारे प्रश्नही होते. दोन्हींत आठवणारे पुढे राहिले. म्हणजे आठवण्यानं पाठांतर होतं तसं आकलनही घट्ट होतं. एक अट मात्र आहे. जे मुळात कळलेलंच नाही ते आठवूनही उपयोगाचं नाही. आधी समजून घ्यायचं, मग पुस्तक मिटायचं.

मराठवाड्यात हीच गोष्ट अलीकडच्या काळात आणखी एका वाटेनं आली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात जो 'लातूर पॅटर्न' आकाराला आला, त्याची चर्चा गुणवत्ता यादीवरून आणि मेडिकलच्या प्रवेशांवरून खूप झाली. पण त्याच्या गाभ्याशी काय होतं? शिकवणं वेळेत संपवायचं आणि मग चाचण्या. पुन्हा चाचण्या. खऱ्या परीक्षेच्या वेळेत, खऱ्या परीक्षेच्या धर्तीवर पेपर लिहून घ्यायचे, तपासून परत द्यायचे, कुठे गुण गेले ते दाखवायचं. पुढे या पॅटर्नभोवती क्लासचा मोठा धंदा उभा राहिला. कोवळ्या मुलांवर त्याचा ताण पडला, आईबापांनी कर्ज काढून फी भरली. मला हे सगळं खटकतं आणि ते तसंच स्वीकारावं असं मी म्हणणार नाही. पण लिहून पाहणं आणि ते तपासून घेणं या दोन गोष्टींना फी लागत नाही. त्या देवगाव फाट्यावरही होऊ शकतात.

इथं एक नातं सांगण्याजोगं आहे. मराठवाड्यातली पदवीची परीक्षा एके काळी हैदराबादशी जोडलेली होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि मराठी घरातल्या मुलाला तिथली पदवी हवी तर त्या भाषेतून पेपर लिहावे लागत. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्यातून नांदेड, लातूर, परभणी या भागासाठी १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या त्याच राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. सेलूची, जिंतूरची मुलं आज याच नांदेड विद्यापीठाचे पेपर देतात. मंठ्याचं कॉलेज धरलं तर जिल्हा जालना होतो आणि विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं. फाट्यावरून एसटी कोणत्या दिशेची पकडली यावर प्रश्नपत्रिका कुठून येणार हे ठरतं. म्हणून मित्राच्या नोट्स घेण्याआधी अभ्यासक्रम एकच आहे का ते पाहायला हवं. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलं वर्ष सुरू झालं. त्यामुळे दादाची किंवा ताईची वही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

मग तयारीची सुरुवात कशापासून करायची? अभ्यासक्रमाच्या कागदापासून. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो असतो. झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेता येतो. त्यावर घटक दिलेले असतात. एक वही घ्यावी, प्रत्येक घटकाला एक कोरं पान द्यावं आणि पुस्तक न बघता त्या घटकाबद्दल जे जे आठवतं ते लिहून काढावं. हे पहिल्याच दिवशी करावं, अभ्यास झाला नसतानाही. काही पानं भरतील, काही कोरी राहतील. ती कोरी पानं म्हणजे तुमचा अभ्यास. मुलं नेमकं उलट करतात. आवडता आणि येत असलेला पहिला घटक पुन्हा पुन्हा वाचतात, आणि चौथा-पाचवा घटक पेपरच्या आदल्या रात्रीपर्यंत तसाच राहतो.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा उपयोगही याच रीतीनं व्हावा. 'अपेक्षित' विकत घेऊन त्यातली छापील उत्तरं वाचणं आणि जुना प्रश्न घेऊन स्वतः उत्तर लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घड्याळ लावून लिहावं. तीन तासांत ८० गुण असले तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं येतात. पंधरा गुणांचा प्रश्न म्हणजे पावणेचौतीस मिनिटं. तुमच्या पेपरचे गुण आणि वेळ वेगळे असतील, हिशेब तोच. इतक्या वेळात आपल्या हातून किती पानं होतात हे घरी कळलं पाहिजे. हल्ली मुलांचं बरंचसं लिहिणं मोबाइलवर अंगठ्यानं होतं आणि तासाभरानं हात दुखायला लागतो. शेवटचा प्रश्न सुटतो तो न आल्यामुळे नव्हे, वेळ न पुरल्यामुळे, असं अनेकदा घडतं. पुरवणी घेऊन सहा पानं पाल्हाळ लावण्यापेक्षा व्याख्या, मुद्दे, उदाहरण आणि आकृती असं सुटसुटीत लिहिण्याची सवयही लिहिल्यानंच लागते.

लिहून झाल्यावर पुस्तक उघडायचं आणि लाल पेननं स्वतःचं उत्तर तपासायचं. हे टाळू नये. चुकीचं आठवलेलं तपासलं नाही तर तेच पक्कं होतं. दोघी मैत्रिणी असतील तर एकमेकींचे पेपर तपासावेत. प्राध्यापकांकडे तीन प्रश्न लिहून नेले आणि 'सर, यात गुण कुठं जातील?' असं विचारलं, तर नाही म्हणणारे सर किंवा मॅडम विरळाच. छोट्या कॉलेजात शिक्षक नावानं ओळखतात. मोठ्या शहरातल्या गर्दीच्या वर्गांत हे सुख मिळत नाही, आणि ते वापरलं पाहिजे.

आता वेळेचा प्रश्न. कापूस वेचताना हात गुंतलेले असतात, डोकं आणि तोंड मोकळं असतं. 'पचनसंस्थेत काय काय घडतं' किंवा '१८५७ च्या उठावाची कारणं' एकापाठोपाठ एक आठवत जायची. कुठं अडलं ते लक्षात ठेवायचं आणि रात्री तेवढंच पाहायचं. शेजारच्या ओळीत आई असेल तर तिला सांगायचं. तिनं शाळा पाहिली नसली तरी चालेल, किंबहुना त्यामुळे बरंच होईल. 'म्हंजे काय गं?' असा तिचा एक प्रश्न गाईडमधल्या वीस ओळींपेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो, कारण त्याचं उत्तर पाठ केलेल्या वाक्यात देता येत नाही. एसटीच्या प्रवासाचंही तसंच. हलत्या गाडीत वाचायला त्रास होतो, आठवायला होत नाही. सेलूला जाताना कालचा तास आठवायचा, येताना आजचा. घरात एकच मोबाइल असतो आणि तो भावाच्या हातात असतो, अशी तक्रार मुली करतात. ती खरी आहे आणि घरच्यांनी ती मनावर घ्यायला हवी. पण अभ्यासाचा हा जो सर्वांत कसदार भाग आहे, त्याला मोबाइल लागत नाही.

किती अंतरानं पुन्हा आठवायचं? २००८ साली निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक माणसांवर याचा अभ्यास केला. पहिला अभ्यास आणि उजळणी यांतलं योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं, असं त्यांना दिसलं. परीक्षा आठवडाभरावर असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर चांगलं. ती महिन्याभरावर असेल तर आठवड्याभराचं अंतर जवळपास बरोबर बसतं. एकाच बैठकीत सलग पाच वेळा केलेल्या उजळणीला पाच उजळण्या म्हणता येत नाही. त्याच पाच उजळण्या पाच दिवसांत वाटल्या तर एक मिनिटही जास्त न देता पदरात जास्त पडतं.

गणित, सांख्यिकी, अकाउंट्स, भौतिकशास्त्र घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट करावी. पुस्तकात एका प्रकारची दहा उदाहरणं सलग असतात, मग दुसऱ्या प्रकारची दहा. ती त्याच क्रमानं सोडवली तर रीत कोणती वापरायची हे आधीच ठाऊक असतं. आपण फक्त आकडे भरतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला उदाहरणं प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ. सरावात प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवाले २० टक्क्यांवर घसरले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. पेपरात उदाहरणावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. म्हणून घरी सोडवतानाही निरनिराळ्या धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्या टाकून काढावीत.

भाषेचाही एक मोठा अडसर आहे. बी.एस्सी.चं पुस्तक इंग्रजीत, समजणं मराठीत, पेपर पुन्हा इंग्रजीत. अनेक मुलं इथं घोकण्याकडे वळतात, कारण स्वतःचं इंग्रजी वाक्य तयार करायची भीती वाटते. माझं मत असं की आधी मराठीत मोठ्यानं समजावून सांगावं आणि ते जमल्यावरच इंग्रजीत लिहावं. वाक्यं छोटी असावीत. संज्ञा मात्र अचूक हव्यात. व्याकरण थोडं चुकलेलं, पण समजून लिहिलेलं उत्तर हे पाठ करून अर्ध्यात विसरलेल्या सुंदर परिच्छेदापेक्षा परीक्षकाला कितीतरी जास्त गुण द्यायला लावतं.

रात्र जागवण्याबद्दल. झोपेत मेंदू दिवसभराच्या नव्या आठवणी पक्क्या करत असतो. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेनकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात झोपेनंतर जागेपणापेक्षा जास्त आठवतं असं दिसलं होतं, आणि पुढच्या शतकभराच्या संशोधनानं ते बळकटच केलं. रात्री तीनपर्यंत वाचलेलं सकाळी दहाच्या पेपराला पुरेसं उपयोगी पडत नाही. वर डोकं जड होतं ते वेगळंच. परभणीच्या उन्हाळ्यात तर दुपारी पत्र्याखाली बसून अभ्यास होत नाही. गावाकडं माणसं पहाटे रानात जातात त्याला कारण आहे. अभ्यासालाही पहाटेची वेळ उत्तम. रात्री दहाला झोपून चारला उठणाऱ्याला दिवस तापायच्या आत तीन-चार चांगले तास मिळतात, आणि दुपारची एक छोटी झोप घेतली तर कसर भरून निघते.

उन्हाचा परिणाम पेपरावरही होतो. न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांच्या रीजंट्स परीक्षांच्या लाखो नोंदी तपासून जिसुंग पार्क या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं आहे की जास्त उकाड्याच्या दिवशी दिलेल्या पेपरात गुण कमी पडतात. न्यूयॉर्कच्या उकाड्याची ही गत, तर आपल्याकडच्या मे महिन्याबद्दल काय सांगावं! उन्हाळी परीक्षा सकाळच्या सत्रात घेणं, केंद्रावर थंड पाणी आणि चालू पंखे असणं या सोयी चैनीच्या नाहीत, गुणांशी त्यांचा थेट संबंध आहे. विद्यार्थ्यानं आपल्यापुरतं पाणी सोबत ठेवावं, डोक्याला रुमाल बांधावा आणि एक एसटी आधीची पकडावी.

परीक्षेच्या भीतीवर सांगितले जाणारे उपाय जरा पारखून घ्यावेत. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता: पेपरआधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढतात. तो जगभर गाजला. २०१८ साली एका मोठ्या गटानं 'नेचर' आणि 'सायन्स'मधले असे एकवीस अभ्यास नव्यानं करून पाहिले, तेव्हा या उपायाचा परिणाम दिसला नाही. लिहून मन हलकं होत असेल तर जरूर लिहावं, पण गुणांची हमी त्यात नाही. त्याच एकवीस अभ्यासांत कार्पिके आणि ब्लंट यांचा पुस्तक मिटून आठवण्याचाही प्रयोग होता. तो फेरतपासणीत टिकला. भीतीवर माझा जास्त भरवसा यावरच आहे. ज्यानं तो प्रश्न घरी तीनदा कोऱ्या कागदावर लिहिला आहे, त्याला हॉलमधला कोरा कागद अनोळखी वाटत नाही.

कॉपीबद्दल थोडक्यात. आपल्या भागानं कॉपीचे वाईट दिवस पाहिले आहेत आणि नांदेडमध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या पुढाकारानं झालेलं कॉपीमुक्ती अभियानही पाहिलं आहे. कॉपी करून मिळालेली पदवी स्पर्धा परीक्षेच्या किंवा नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत उघडी पडते. नुकसान त्या एका मुलाचं होत नाही, त्याच कॉलेजातून प्रामाणिकपणे शिकलेल्या सगळ्यांच्या गुणपत्रिकेकडे लोक संशयानं पाहू लागतात.

पेपर झाला की फाट्यावर उतरेपर्यंत उत्तरं ताडून बघण्यात अर्थ नाही. पुढच्या पेपराच्या घटकांची पानं उघडावीत. निकालानंतर मात्र मागे वळून पाहावं, विशेषतः एखादा विषय राहिला असेल तर. एखाद्या विषयात नापास होणं म्हणजे शिक्षण संपणं नव्हे. राहिलेला विषय घेऊन पुढे जाऊ देणारी एटीकेटीची सोय त्यासाठीच आहे. मुलीचा एक विषय राहिला म्हणून तिचं शिक्षण थांबवून लग्न उरकण्याची घाई कुणी करू नये, हे मी हात जोडून सांगेन. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत अर्ज करून मिळते. ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. पुनर्मूल्यांकनासाठी ती मागवणारे बरेच असतात. अभ्यासासाठीही ती मागवावी, ती घेऊन शिक्षकाजवळ बसावं आणि कोणत्या प्रश्नात मुद्दा सुटला, कोणत्या प्रश्नाला वेळ पुरला नाही, कोणता प्रश्न नीट वाचलाच नव्हता हे एकेक करून वहीत टिपून घ्यावं. अर्जाची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. ती तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर निकालाच्या दिवशीच पाहून ठेवावी.